आत्याबाईंच्या खोलीचं माप

२०१९ च्या एप्रिलमधली दुपार. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवून आपल्या खोलीत पडल्या होत्या. चार वाजता चहा घेऊन गेले तर त्यांना उठून बसता येईना. अंग तापलेलं, जीभ कोरडी, बोलणं अडखळत. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "वय पंच्याहत्तरच्या पुढं आहे. दुपारी या खोलीत ठेवू नका, नाहीतर खोली तरी थंड करा." दुसऱ्या दिवशी हे सकाळीच गाडी काढून गेले आणि संध्याकाळी दोन टनांचा एसी घेऊन आले. बैल घ्यायचा तर चार बाजार फिरणारी माणसं आम्ही, पण त्या दिवशी भाव विचारला नाही, माप विचारलं नाही. आईची काळजी होती. दुकानदार म्हणाला, "वरचा स्लॅब तापतो ना? मग दोन टनच लागणार." ह्यांनी पैसे मोजले.

तो एसी आमच्या घराला चुकीचा होता. का चुकीचा होता, हे नीट कळायला काही उन्हाळे गेले. त्यानंतर आत्याबाईंच्या खोलीसाठी दुसरा घेतला, केडगावला वन्संच्या घरी एक बसवला. आमच्या भागात, खुटबावात, यवतला, पाटसपर्यंत, आता घरोघर स्लॅब पडलेत आणि दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं, "वहिनी, किती टनाचा घेऊ?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. टन म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

आम्हाला ऊस टनात मोजायची सवय. एसीचा टन निराळा. पूर्वी थंडाव्यासाठी बर्फ विकत घेत, त्यातून हे माप आलं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता बाहेर टाकणारं यंत्र ते एक टनाचं. हा टन अमेरिकेतला आहे, ९०७ किलोचा. विजेच्या भाषेत सांगायचं तर एक टन म्हणजे साधारण ३,५०० वॉट उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची ताकद.

दुकानात "दीड टन" एवढंच तोंडी सांगतात. पण यंत्रावरच्या ताऱ्यांच्या लेबलवर खरी क्षमता वॉटमध्ये छापलेली असते. दीड टन म्हणवणारी दोन यंत्रं शेजारी ठेवून वाचा. एकावर पाच हजारांच्या वर आकडा दिसेल, दुसऱ्यावर त्याहून बराच खाली. भाव सारखाच असेल तर कमी आकड्याचं यंत्र महाग पडलं, एवढं त्या एका ओळीवरून कळतं.

२. मोठा एसी म्हणजे चांगला एसी, असं नाही

आत्याबाईंची खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. तिथे दोन टनांचं यंत्र. चालू केलं की गार हवेचा झोत थेट पलंगावर यायचा, दहा मिनिटांत खोली गार व्हायची आणि कंप्रेसर धाडकन बंद पडायचा. मग छतातली धग खाली यायची, खोली पुन्हा कोंदायची, पुन्हा कंप्रेसर सुरू. रात्रभर हेच. आत्याबाई कधी गोधडी डोक्यावरून ओढायच्या, कधी लाथाडायच्या. सकाळी गुडघे धरलेले असायचे. "सूनबाई, मला ओसरीवर निजू दे," म्हणायच्या.

त्या जुलैमध्ये खरी गोष्ट ध्यानात आली. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली. एसी लावला की खोली गार व्हायची पण अंग चिकट राहायचं, चादर ओलसर लागायची, भिंतीला कुबट वास यायला लागला. एसीचं एक मोठं काम हवेतलं पाणी काढण्याचं असतं. विलिस कॅरिअरने १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्र उभं केलं, तेही दमटपणासाठीच. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. हवेतलं पाणी काढायचं तर गार कॉइलवरून हवा सलग बराच वेळ फिरावी लागते. आमचं दोन टनांचं यंत्र दहा मिनिटांत थांबायचं, मग पाणी गळणार कधी? बाहेरच्या नळीतून ठिबकसुद्धा धड पडत नव्हती.

इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी करू शकतो, म्हणून त्यात हा त्रास कमी. पण त्यालाही खालची मर्यादा असते. अडीचपट मोठा घेतलात तर इन्व्हर्टरही हेच करेल.

३. खोलीचा हिशेब घरी मांडा

माझा भाचा मेकॅनिकल डिप्लोमाला होता. २०२३ च्या दिवाळीत आला तेव्हा मी त्याला धरून बसवलं. कालनिर्णयाच्या पाठकोऱ्या पानावर आम्ही दोघांनी मे महिन्यातल्या दुपारी चारचा हिशेब मांडला. खोलीत उष्णता कुठून आणि किती येते, एवढाच प्रश्न. हा हिशेब ढोबळ आहे, पण दुकानदाराच्या अंदाजापेक्षा पुष्कळ बरा.

छत ११ चौरस मीटर. उघडा स्लॅब उन्हात तापला की चौरस मीटरला सुमारे १०० वॉट खाली सोडतो, म्हणून ११०० वॉट. पश्चिमेची नऊ इंची विटांची भिंत, ३००. त्याच भिंतीत चार बाय चारची काचेची खिडकी, तिच्यातून दुपारचं ऊन थेट आत, ६००. बाकीच्या भिंती मिळून २००. आत्याबाई आणि त्यांच्याजवळ बसलेलं एक माणूस, प्रत्येकी १००, म्हणून २००. पंखा, दिवा, टीव्ही १५०. दाराच्या फटीतून आणि उघडझाप होताना शिरणारी गरम हवा २५०.

बेरीज २८०० वॉट. भागिले ३५००. ०.८ टन!

आम्ही लावला होता दोन टनांचा, म्हणजे ७००० वॉटचा. मी ती बेरीज तीनदा केली.

भाच्याने आणखी एक गोष्ट दाखवली, ती आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. यंत्रावर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि तापलेल्या भिंतीजवळची हवा त्याहून गरम असते. तेव्हा यंत्राची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. एक टनाचं यंत्र त्या दुपारी ३००० वॉटच्या आसपासच काम करेल. तरीही आमच्या २८०० ला ते पुरत होतं. म्हणून थोडी जास्त ताकद ठेवायची ती एवढ्यासाठी, आणि एवढीच.

तुमच्या खोलीचे आकडे निराळे येतील. वर दुसरा मजला असेल तर छताचे ११०० जवळजवळ पुसले जातील. पत्रा असेल तर याहून वाढतील. स्वयंपाकघर लागून असेल, जिना उघडा असेल, तर ते धरावं लागेल. "शंभर फुटाला एक टन" हे तोंडी गणित मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. त्या गणितात छत कुठेच येत नाही, आणि आमच्या हिशेबातला सगळ्यात मोठा आकडा छताचाच होता.

४. एसीआधी छतावर पैसे घाला

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त बोलते, त्याला घरचे कंटाळलेत. तरी बोलणार.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि वर हात-दीड हात पांढरी माती. दर पावसाळ्याआधी वर चढून माती सारखी करायची, चोपायची. गळायचं, उंदीर व्हायचे, हे खरं. पण वैशाखात भर दुपारी आत गेलं की डोळ्यांना अंधारी आणि अंगाला गारवा. आत्याबाई त्याच घरात नांदल्या, सगळी बाळंतपणं तिथेच झाली. २०१८ मध्ये आम्ही ते पाडलं आणि पाच इंची स्लॅब टाकला. आत्याबाईंच्या खोलीवरच्या तेवढ्याच तुकड्याचं वजन काढलं तर तीन टनांच्या पुढं जातं. तीन टन काँक्रीट दिवसभर उन्हात तापत ठेवायचं आणि रात्री म्हाताऱ्या माणसाला त्याच्याखाली निजवायचं, असं आम्ही करत होतो. त्या स्लॅबची धग पहाटे दोन-तीनपर्यंत उतरत नाही. घरात रात्री दहाला गरम होतं आणि अंगणात गार वारं असतं, ते यामुळे.

२०२३ च्याच मे महिन्यात भाचा कॉलेजातून तापमान मोजायची बंदूक घेऊन आला होता, करोनात कपाळावर धरायचे तशीच, पण जास्त तापमान मोजणारी. दुपारी तीनला गच्चीवर स्लॅबवर धरली तर ५९ अंश. मग मी कळीचा चुना भिजवला, गाळला, त्यात थोडं फेविकॉल घातलं आणि कुंच्याने दोन हात मारले. चौथ्या दिवशी त्याच वेळी तिथेच धरली तर ४४. खोलीत खालून छताला रात्री आठ वाजता आधी ४१ होतं, ते ३५ वर आलं. खर्च हजार रुपयांच्या आत, मजुरी घरची. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दर वर्षी मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो. ज्यांना जमेल त्यांनी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत. त्याला पैसा लागतो पण ते वर्षानुवर्षं टिकतं आणि गळतीही थांबते. नवीन घर बांधणाऱ्याने स्लॅबबरोबरच करून घ्यावं.

खिडकीचंही तसंच. आतून जाड पडदा लावला तरी ऊन काचेतून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि धग खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. आमच्याकडे रोपांच्या वाफ्यावरचं हिरवं शेडनेट उरलं होतं. ते खिडकीपासून हातभर पुढे बांबूवर ताणलं आणि खाली तोंडलीचा वेल सोडला.

पुन्हा पाठकोरं पान घेतलं. छताचे ११०० होते ते पाचशेवर, खिडकीचे ६०० होते ते दोनशेवर. एकूण २८०० ची १८०० झाली. अर्ध्या टनाच्या आसपास. ०.८ टनावरून इथवर आलो ते चुन्याच्या गोणीवर आणि जुन्या शेडनेटवर.

५. कूलरला कमी लेखू नका, पण त्याची वेळ ओळखा

आमच्या हॉलमध्ये आजही कूलर आहे. आपल्याकडे मार्चअखेर ते मे अखेर दुपारची हवा कोरडी असते. पाण्याची वाफ होताना हवा गार होते, हे माठाला ठाऊक आहे. बाहेर चाळीस अंश आणि ओलावा वीस टक्के असेल तर चांगला कूलर सव्वीस-सत्तावीस अंशांची हवा देतो. तोच कूलर जूनअखेर, चौतीस अंश आणि पासष्ट टक्के ओलाव्यात, तिशीच्या खाली जेमतेम उतरतो आणि घर दमट करून ठेवतो.

माप याचंही असतं. हॉल बारा बाय अठरा, उंची दहा फूट, म्हणजे २१६० घनफूट. तासाला तीस वेळा हवा बदलायची तर ६४,८०० घनफूट, म्हणजे साधारण १८०० घनमीटर. खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा फेकतो ते लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. टाकीचे लिटर बघून घेऊ नका. आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. दारं-खिडक्या लावून कूलर चालवणारी घरं मी पाहिली आहेत, तिथे तासाभरात घामाच्या धारा लागतात.

आपल्या गावच्या दोन गोष्टी मात्र कूलरच्या विरुद्ध जातात. कालव्याचं पाणी असलेल्या शिवारात ज्यांचं घर चहूबाजूंनी उसात आहे, त्यांच्याकडे मेमध्येही रात्री हवेत ओल असते. गावठाणातल्या घराला जो कूलर पुरतो तो वस्तीवर पुरत नाही. दुसरं, बोरचं पाणी जड आहे. पॅडवर पांढरे क्षार चढतात, जाळी दगडासारखी होते आणि हवा अडते. दर आठवड्याला टाकी रिकामी करून धुवा.

आत्याबाईंना दम्याचा थोडा त्रास आहे, दमट हवा सोसत नाही. त्यांच्या खोलीला म्हणून एसीच. सगळ्या घराला एसी लावायचा विचार मात्र आमच्या डोक्यात कधी आला नाही.

६. तारे किती घ्यायचे, हे तुमच्या तासांवर ठरतं

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही दुसरा एसी घेतला. एक टनाचा, इन्व्हर्टर. हिशेबाने पाऊण टनाचाही चालला असता, पण त्यात निवड कमी होती आणि दुरुस्तीला माणूस मिळेल याची खात्री नव्हती. पुढे प्रश्न आला तीन तारे की पाच.

लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील हे छापलेलं असतं. तो आकडा वर्षाला १६०० तास चालवलं असं धरून काढतात. आमच्यासमोरच्या दोन यंत्रांत फरक होता सुमारे दीडशे युनिटचा, आणि किमतीत फरक आठ हजारांचा. आता आमचे तास मोजले. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत नव्वद दिवस, दुपारी तीन तास आणि रात्री सात, म्हणजे ९०० तास. १६०० च्या निम्म्याहून थोडे जास्त. बचत दीडशेची नाही, पंच्याऐंशी युनिटची. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला साडेआठशे. आठ हजार भरून यायला नऊ वर्षं लागणार. आम्ही तीन तारे घेतले. ज्यांचा दवाखाना किंवा दुकान आहे आणि एसी वर्षभर दिवसभर चालतो, त्यांनी पाचच घ्यावेत.

लेबल कोणत्या वर्षापर्यंतचं आहे, तेही वाचा. निकष अधूनमधून कडक होतात. जुलै २०२२ मध्ये झाले तेव्हा जुन्या पाच ताऱ्यांचं यंत्र नव्या मोजणीत चारावर आलं. गोडाऊनमधला जुना माल जुन्या ताऱ्यांसह गळ्यात मारला जाऊ शकतो.

७. घरातली वायर आणि व्होल्टेज

आमची वस्ती ट्रान्सफॉर्मरपासून लांब. एप्रिलमध्ये संध्याकाळी साडेसातला वायरमनने मीटर लावून दाखवलं, १८७ व्होल्ट. दोन टनांचा जुना कंप्रेसर सुरू होताना दिवे मंद व्हायचे आणि एमसीबी पडायचा. ज्या दीड एमएमच्या वायरवर दिवा-पंखा चालतो तिच्यावरच तो जोडला होता. एकदा सॉकेट वितळलं, काळं पडलं. आत्याबाई त्याच भिंतीला पाय करून झोपलेल्या होत्या. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

एसीला बोर्डापासून वेगळी चार एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि खरं अर्थिंग. मंजूर भार कमी असेल तर अर्ज करून वाढवून घ्या. स्टॅबिलायझर किती व्होल्टपासून काम करतो ते त्याच्यावर वाचा आणि आपल्या घरी संध्याकाळी मोजलेल्या आकड्याशी जुळवा.

बिलाचंही सांगते. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांचे आहेत, शंभरपर्यंत, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्यापुढे. एसीचं युनिट नेहमी वरच्या टप्प्यात पडतं, म्हणून ते घरातलं सगळ्यात महाग युनिट असतं. त्या दोन टनांच्या वेळी एका महिन्यात तीनशेहून जास्त युनिट वाढले होते.

८. भाव कागदावर, बाबवार

पहिल्या वेळी तांब्याची नळी बावीस फूट लावली म्हणून पैसे घेतले. नंतर यंत्र काढताना मी टेप लावला तर चौदा फूट भरली. ज्यांनी घेतले त्यांच्याशी भांडून उपयोग नव्हता, आमच्याकडे कागदच नव्हता.

आता मी तीन ठिकाणचे भाव लिहून मागते, आणि एका रकमेत नाही. यंत्र किती, जीएसटी किती, बसवण्याची मजुरी किती, सोबत येणारी नळी किती फूट आणि त्यापुढे फुटाला काय दर, बाहेरच्या युनिटचा स्टँड, भिंतीला भोक पाडायचं कोअर कटिंग, पाण्याची नळी, स्टॅबिलायझर. जुनं यंत्र बदली देत असाल तर त्याचे पैसे वेगळ्या ओळीत. दोन दुकानांत यंत्राचा भाव सारखा आणि शेवटच्या बेरजेत साडेचार हजारांचा फरक, असं मला मिळालं आहे. तो फरक खालच्या बारीक ओळींतला होता.

२०२५ च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, एसीवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. मूळ किंमत तीस हजार असेल तर आधी ३८,४०० पडत होते, ते ३५,४०० झाले. वन्संचा एसी आम्ही दसऱ्यानंतर घेतला तेव्हा एका दुकानात जुनाच भाव सांगून "सणाची तीन हजार सूट" म्हणाले. वन्संनी बिलातली मूळ किंमत आणि कर वेगवेगळा लिहून मागितला, तेव्हा सूट कराचीच निघाली. दुसऱ्या दुकानात गेलो.

हप्त्यांवर घेणाऱ्यांसाठी एक. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना अशा योजनांवरून बजावलं होतं. रोखीने काय भाव, एवढं आधी विचारा. फरक कळेल.

आणि एप्रिलमध्ये जाऊ नका. तेव्हा दुकानदाराला वेळ नसतो, कारागिराला तर नसतोच.

९. बसवणाऱ्याच्या हाताकडे बघा

यंत्र कितीही चांगलं असो, ते निम्मं तुमच्या घरात तयार होतं. पहिल्या वेळी दोघं जण पाऊण तासात बसवून गेले. गॅस थोडा सोडून नळीतली हवा ढकलून दिली, झालं. दोन महिन्यांत गारवा कमी, मग गॅस भरा, पुढच्या वर्षी पुन्हा भरा.

दुसऱ्या वेळी आलेला मुलगा केडगावकडचा, विशीतला. त्याने नळीचं टोक कापलं, आतली कोर पात्याने हलकेच घासून काढली, नळीचं तोंड खाली धरून, कीस आत पडू नये म्हणून. मग फ्लेअर काढली, बोट फिरवून बघितली, पसंत पडली नाही, अर्धा इंच कापून पुन्हा काढली. नट हाताने बसेल तेवढा बसवला आणि मगच पाना लावला. व्हॅक्यूम पंप जोडला. सुई शून्याच्या खाली जात जात उणे तीसवर टेकली. तरी तो पंप वीस मिनिटं चालू ठेवून चहा प्यायला. पंप बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं सुईकडे बघत बसला. "काकू, हलली तर गळतंय," म्हणाला. हलली नाही. तेव्हा गॅस सोडला. ते यंत्र आजवर एकदाही गॅस मागायला बसलेलं नाही. त्याला मी ठरल्यापेक्षा दोनशे जास्त दिले आणि नंबर वहीत लिहून ठेवला.

बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीला, सज्जाच्या सावलीत, मागे हातभर मोकळं. आधीचं पश्चिमेला कठड्याच्या आड कोंडलेलं होतं, स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढायचं.

१०. गुऱ्हाळाची राख

आपल्या भागात गुऱ्हाळं जवळजवळ वर्षभर चालतात. चिमणीतून जळक्या चिपाडाची काळी राख उडते, दोरीवरच्या कपड्यांवर येते तशीच युनिटच्या मागच्या जाळीवर बसते. उसाच्या ट्रॅक्टरांचा फुफाटा वेगळा. जाळी बुजली की ताकद जाते आणि बिल वाढतं, लोक म्हणतात गॅस संपला. मी महिन्यातून एकदा मेन बंद करून नळीने हळू धारेने धुते. पाणी साठवलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं, बोरचं नाही. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी. पावसाळ्यात युनिटमध्ये पाल शिरून सर्किट जळण्याचे प्रकार आमच्या आळीत दोन झाले. तारांची भोकं बंद करून घ्या.

११. थंडीसाठी वेगळं यंत्र नको

गरम-थंड दोन्ही करणारा एसी घ्या, असं वन्संना एकाने सांगितलं. आपल्याकडे कडाक्याची थंडी पंधरा-वीस रात्रींची. त्याला वाकळ, बंद खिडकी आणि सकाळचं अंगणातलं ऊन पुरतं. ते जादा पैसे वाचवा. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि झोपलेलं माणूस उठत नाही. म्हाताऱ्या माणसांची ही जुनी सवय असते, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

१२. सव्वीस आणि पंखा

२०२० पासून नवे एसी चालू केल्यावर चोवीसवर येतात. आम्ही सव्वीस ठेवतो आणि पंखा दोनवर. आत्याबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. रिमोटची फक्त दोन बटणं त्यांना ठाऊक, त्यांना मी नखाला लावायचा लाल रंग लावून दिला आहे. पहाटे चारच्या सुमारास त्या स्वतः उठून एसी बंद करतात आणि पूर्वेची खिडकी उघडतात. एप्रिलमध्येही त्या वेळी बाहेर गार असतं, स्टेशनकडून गाडीचा आवाज येतो. गेल्या वर्षी नव्वद दिवसांत सगळे मिळून अडीचशेच्या आतच युनिट वाढले. यंदा होळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "सूनबाई, चुना आणला का?"

तो दोन टनांचा एसी आम्ही थोरल्या भाऊजींना दिला होता, त्यांच्या हॉलला. जाऊबाई म्हणतात तिथे तो पुरत नाही, आता अडीच टनांचा घ्यायचं चाललंय. त्यांचा जिना हॉलमधूनच वर जातो, वर गच्चीचं दार लोखंडी आणि त्याखाली चार बोटं फट. सगळा गारवा त्या जिन्यातून आणि फटीतून जात असणार असं मला वाटतं. रविवारी टेप, पाठकोरं पान आणि दाराखाली लावायची रबरी पट्टी घेऊन त्यांच्याकडे जायचं आहे.